टेलपाइप कुणाच्या खात्यात?

मोटार कंपन्यांच्या पर्यावरण कार्यक्रमांबद्दल वाचकांनी पाठवलेली पत्रं संपादकांनी या वेळी माझ्याकडे सरकवली. माझी नोकरी गाड्यांच्या कारखान्यात, पर्यावरण विभागात झाली. निम्मा वेळ पेंट शॉपमध्ये आणि उरलेला सांडपाण्याच्या टाक्यांवर, त्यामुळे उत्तरांना तोच वास येणार. पत्रं थोडी छाटली आहेत. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

ताई, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तीन मोटार कंपन्यांचे सस्टेनेबिलिटी रिपोर्ट काढले. प्रत्येक रिपोर्ट दोनशे पानांचा! कारखान्यातलं उत्सर्जन खूप कमी केलं, असं तिघीही म्हणतात. मग त्यांची तुलना करायची कशी?

पहिली शंभर पानं सोडून दे. तिथे सौर पॅनेल, फुलपाखरं आणि हेल्मेट घातलेली हसरी माणसं असतात. मागे बारीक अक्षरात आकड्यांची कोष्टकं असतात, तिथून सुरुवात कर.

बहुतेक कंपन्या ‘जीएचजी प्रोटोकॉल’ या हरितगृह वायू मोजायच्या पद्धतीने हिशेब मांडतात. स्कोप १ म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या बॉयलर-भट्ट्यांतून निघालेलं उत्सर्जन. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेल्या विजेपायी वीजकेंद्रात झालेलं. उरलेलं सगळं स्कोप ३ मध्ये जातं: पोलाद, टायर, बॅटरी, मालवाहतूक वगैरे. त्याचे पंधरा पोटविभाग आहेत. तुला हवा तो अकरावा, ‘विकलेल्या मालाचा वापर’. गाडी गेटबाहेर पडल्यावर आयुष्यभर जे जाळेल, ते तिथे नोंदवतात.

आता कागद-पेन्सिल घे. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी दीड लाख किलोमीटर धावली, तर १०,००० लिटर पेट्रोल जळलं. लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धर. झाले २३ टन. तीच गाडी जुळणी कारखान्यात बनताना, म्हणजे पत्रा दाबण्यापासून रंग लागून बाहेर येईपर्यंत, जे उत्सर्जन होतं ते गाडीमागे साधारण अर्ध्या टनाच्या आसपास असतं. कारखान्याने जिवाचं रान करून ते निम्मं केलं तर पाव टन वाचला. त्याऐवजी डिझाइनवाल्यांनी गाडीचं अ‍ॅव्हरेज १५ वरून १६ वर नेलं, तर दीड लाख किलोमीटरमध्ये १.४ टन वाचतात. म्हणून ‘आमचा कारखाना कार्बन न्यूट्रल’ हे वाक्य खरं असूनही फार काही सांगत नाही. मी आयुष्यभर त्या पाव टनाच्या बाजूला राबले, तरी हेच म्हणेन.

तिघींचे अकराव्या विभागाचे आकडे गाड्यांच्या संख्येने भागून शेजारी शेजारी मांड. पण मांडण्याआधी तळटीपा वाच. गाडीचं आयुष्य कुणी दीड लाख किलोमीटर धरतं, कुणी दोन लाख. कुणी फक्त टाकीतलं इंधन जळण्याचा हिशेब करतं, तर कुणी तेलविहिरीपासूनचा. शिवाय इंधनाचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो, रस्त्यावरचा नसतो. युरोपियन कमिशनने गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधनमापकांचे आकडे गोळा करून २०२४ मध्ये अहवाल काढला. पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघालं. प्लग-इन हायब्रिडचं तर साडेतीन पट, कारण लोक त्या चार्ज करायचा कंटाळा करतात आणि पेट्रोलवरच पळवतात. प्लग-इन जास्त विकणाऱ्या कंपनीचा रिपोर्ट त्यामुळे उगीच गोरागोमटा दिसतो.

आणखी एक खुबी आहे. ‘प्रति गाडी’ घट आणि ‘एकूण’ घट या दोन वेगळ्या गोष्टी. ज्या आकड्यात घट दिसते तोच मोठ्या अक्षरात छापतात. २०२० मध्ये कोविडमुळे काही काळ कारखाने बंद होते, त्या वर्षीची ‘घट’ कर्तबगारी म्हणून दाखवली असेल तर लाल पेनने खूण कर. स्कोप २ चेही दोन आकडे सापडतील: एक आसपासच्या ग्रिडच्या प्रत्यक्ष विजेवरून काढलेला आणि दुसरा हरित विजेचे करार, प्रमाणपत्रं धरून काढलेला. दुसरा शून्य असू शकतो आणि पहिला जागचा हललेलाही नसतो. मुखपृष्ठावर कोणता येतो, ते तुला कळलंच असेल.

कारखान्यात सर्वांत जास्त ऊर्जा कशाला लागते? माझा अंदाज वेल्डिंगच्या रोबोंना.

रोबो बिचारे फारसे खात नाहीत. खादाड असतं ते पेंट शॉप. कारखान्याच्या एकूण ऊर्जेचा निम्म्याच्या आसपास वाटा बऱ्याच ठिकाणी तिथेच जातो, आणि तोही रंगापेक्षा हवेवर.

बॉडी आधी धुतात, मग तिला फॉस्फेटचा थर देतात, मग ती अख्खी गंजरोधक रंगाच्या टाकीत बुडवतात. त्यानंतर पहिली ओव्हन, तापमान १६० ते १८० अंश. मग प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट आणि आणखी ओव्हन. रंग फवारतात त्या बूथमध्ये छतापासून जमिनीपर्यंत हवेचा सतत पडदा लागतो, म्हणजे उडालेले कण बॉडीवर परत बसत नाहीत. ही हवा ठरलेल्या तापमानाची आणि ठरलेल्या आर्द्रतेची हवी. बाहेर उकाडा असो की थंडी, ती मर्यादा सुटली की रंगाला ओघळ तरी येतात, नाहीतर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात. जुन्या पद्धतीत ही कमावलेली हवा जाळीखालच्या पाण्यातून ओढून घेत, पाण्यात रंगाचा चिखल साठे आणि हवा धुराड्यातून बाहेर. पुन्हा नवी हवा घ्या, पुन्हा तापवा किंवा थंड करा, पुन्हा ओलावा द्या.

नव्या बूथमध्ये पाण्याऐवजी चुनखडीची पूड किंवा पुठ्ठ्याचे फिल्टर असतात. हवा ओली होत नाही, म्हणून बहुतेक हवा परत फिरवता येते. रंगाचे कण धरलेली चुनखडी सिमेंटच्या भट्टीत खपते. काही कंपन्यांनी प्रायमरचा वेगळा थरच काढून टाकला, त्याबरोबर एक ओव्हन गेली. रिपोर्टमध्ये अशी वाक्यं दिसली तर आदराने वाचा, ती सोपी कामं नव्हेत.

मात्र इथे एक गोष्ट वाचवायला गेलं की दुसरी वाढते. सॉल्व्हंटचे, म्हणजे उडून जाणाऱ्या रसायनात कालवलेले रंग सोडून पाण्यावर आधारित रंग आले. घातक वाफा कमी झाल्या, पण पाणी सुकवायला उष्णता जास्त लागते. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही असं ठरवलं, तर शेवटचं खारट पाणी बाष्पीभवन यंत्रात आटवावं लागतं आणि त्यासाठी वाफ लागते. ‘शून्य सांडपाणी’ असा फलक दिसला की मी आधी बॉयलरचं इंधन विचारते.

रंग बदलण्याची गोष्टही सांगते. लाल गाडीमागे पांढरी आली की नळीतला लाल रंग सॉल्व्हंटने धुऊन टाकावा लागतो. एका रंगाच्या गाड्या सलग सोडल्या तर ही धुलाई वाचते, सॉल्व्हंट वाचतो, कचरा वाचतो. भांडवल शून्य! पण क्रम ठरवतात प्लॅनिंगवाले, त्यांच्या डोक्यात डिलिव्हरीच्या तारखा. त्यांच्याशी माझी कायमची भांडणं. तसंच सुट्टीच्या दिवशी शॉपमध्ये चक्कर मारावी. लाइन बंद, माणूस नाही, तरी कॉम्प्रेसर आपला चालूच आणि कुठल्यातरी सांध्यातून हवा फुसफुसतेय. अशा गोष्टींचे फोटो छान येत नाहीत, म्हणून त्या रिपोर्टच्या पुढच्या पानांवर नसतात. अमेरिकेत फोर्डच्या रूज कारखान्याच्या छतावर २००३ मध्ये दहा एकरांहून मोठी हिरवळ उगवली. तिचे फोटो मात्र जगभर गेले. ते छत पावसाचं पाणी शोषतं आणि कामाचं आहे, हेही सांगायला हवं.

एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो. त्यातून २.३ किलो वायू कसा निघेल? काहीतरी चूक आहे.

पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो, होतात ४४ ग्रॅम. जादाचं वजन हवेतलं आहे.

आमच्या गेटवर ‘आयएसओ १४००१ प्रमाणित’ असा मोठा फलक आहे. शिवाय कंपनीला पर्यावरणाचे पुरस्कार मिळाले आहेत. मग आम्ही पर्यावरणपूरक झालो का?

आयएसओ १४००१ हे १९९६ मध्ये आलेलं व्यवस्थापनाचं मानक आहे. तुम्ही धोरण लिहिलंत, उद्दिष्टं ठरवलीत, नोंदी ठेवल्यात, चुका झाल्या तिथे दुरुस्ती केलीत, एवढं ते तपासतं. धुराड्यातून किती निघावं याचा आकडा ते सांगत नाही. वही नीटनेटकी आहे म्हणून पोराला गणित येतंच असं नाही, तसंच हे. तरी वही असलेली बरी. ती नसेल तर मोजायचं कुठे हेच कुणाला ठाऊक नसतं.

पुरस्कारांचं विचारलंत, तर २०१५ चा सप्टेंबर आठवा. त्या महिन्यात डाऊ जोन्स सस्टेनेबिलिटी इंडेक्सने, म्हणजे जबाबदार कंपन्या निवडणाऱ्या निर्देशांकाने, मोटार क्षेत्रात फोक्सवॅगनला पहिलं स्थान दिलं. त्याच महिन्याच्या १८ तारखेला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, त्याच कंपनीला नोटीस बजावली. डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी ओळखायचं आणि तेवढ्यापुरती प्रदूषणरोधक यंत्रणा पूर्ण चालवायचं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. ऑक्टोबरात निर्देशांकातून नाव कापलं गेलं.

ही चोरी कुठल्या लेखापरीक्षणात सापडली नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाडीच्या मागे मोजयंत्र बांधलं, नळी टेलपाइपला, म्हणजे धूर सोडणाऱ्या नळकांड्याला, जोडली आणि गाडी रस्त्यावर चालवली. निर्देशांक ठरवणाऱ्यांनी कंपनीने दिलेली माहिती वाचली, या लोकांनी नळीतून काय येतं ते मोजलं. तुमच्या गेटवरच्या पुरस्काराबद्दल एवढंच विचारा: परीक्षकांनी स्वतः काय मोजलं?

गाडीच्या माहितीपत्रकात ‘९५ टक्के पुनर्वापरयोग्य’ असं लिहिलंय. कौतुक करायचं ना?

कायदा पाळल्याबद्दल करायचं असेल तर करा. युरोपियन संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार २०१५ पासून भंगारात निघालेल्या गाडीचा वजनाने ९५ टक्के भाग पुन्हा उपयोगात यायला हवा. त्यातला ८५ टक्के पुनर्वापर किंवा पुनर्चक्रण, उरलेल्यात जाळून ऊर्जा मिळवणंही चालतं. गाडीत वजनाने बहुतांश धातूच असतो, त्यामुळे ‘वजनाने’ हा शब्द कंपन्यांच्या मदतीला येतो.

खरी अडचण पुढे आहे. गाडी यंत्रात चुरडली की वायरिंगमधलं तांबं पोलादाच्या चुऱ्यात मिसळतं. वितळलेल्या पोलादातून तांबं काढण्याचा परवडणारा मार्ग नाही आणि तांबं मिसळलेल्या पोलादाचा बॉडीला लागणारा पातळ पत्रा नीट बनत नाही. मग त्याच्या बांधकामाच्या सळ्या होतात. गाडीची पुन्हा गाडी होत नाही. म्हणून विक्रेत्याला उलटं विचारा: या नव्या गाडीत जुन्या गाडीचा माल किती आहे? उत्तर मिळालं तर मलाही कळवा. वितळवण्याआधीची पायरीही विसरू नका. रेनोच्या पॅरिसजवळच्या श्वाझी-ल-र्वा इथल्या कारखान्यात १९४९ पासून जुनी इंजिनं, गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणली जात होती. तेव्हा ‘सर्क्युलर इकॉनॉमी’ हे नावही कुणी घेत नव्हतं.

आमचे मेहुणे म्हणतात, इलेक्ट्रिक गाडी बनवतानाच इतकं प्रदूषण होतं की फायदा काहीच नाही. मी म्हणतो फायदा आहे. जेवताना रोज वाद. निकाल द्या.

पहिला मुद्दा मेहुण्यांचा, निकाल बहुधा तुमचा. व्होल्वो कार्सने २०२१ मध्ये आपल्याच दोन गाड्यांचा जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशेब छापला: विजेवरची सी-४० आणि पेट्रोलची एक्ससी-४०. कच्च्या मालापासून तयार होईपर्यंत विजेच्या गाडीचं उत्सर्जन सुमारे ७० टक्के जास्त निघालं. बॅटरी, अ‍ॅल्युमिनियम, पोलाद यांचा तो वाटा. पुढे ती भरपाई कधी होते, हे चार्जिंगच्या विजेवर ठरतं. पवनऊर्जेवर ४९,००० किलोमीटरला बरोबरी, युरोपच्या सरासरी विजेवर ७७,००० ला, जगाच्या सरासरीवर १,१०,००० ला. गाडीचं आयुष्य त्यांनी दोन लाख किलोमीटर धरलं होतं.

म्हणजे रोज लांबचा प्रवास असेल तर इलेक्ट्रिक गाडी लवकर जिंकते. आठवड्यातून एकदा बाहेर काढून परत झाकून ठेवणार असाल, तर मेहुण्यांचं म्हणणं बराच काळ खरं राहील. स्वतःला अडचणीचा आकडा कंपनीने स्वतःच छापला, याचं मला जास्त अप्रूप आहे.

एका कंपनीने लाखो झाडं लावल्याची जाहिरात पाहिली. चांगलंच आहे ना?

चांगलं आहे. तीन वर्षांनी त्यातली किती जगली, ते विचारा. विज्ञानाधारित उद्दिष्टांना मान्यता देणारा एसबीटीआय हा उपक्रम कंपनीच्या नजीकच्या उद्दिष्टांत असली विकत घेतलेली भरपाई धरत नाही. गाडीचा धूर आज निघतो आणि रोपाचं झाड व्हायला वर्षं जातात, इतकं साधं आहे.

कंपन्या २०३०, २०४०, २०५० च्या घोषणा करतात आणि नंतर गुपचूप मागे घेतात. मग हे सगळं नाटकच म्हणायचं का?

गुपचूप नाही, उघडच घेतात. मघाशी जिचं कौतुक केलं त्या व्होल्वोने २०२१ मध्ये सांगितलं होतं की २०३० पर्यंत फक्त इलेक्ट्रिक गाड्या विकू. सप्टेंबर २०२४ मध्ये ते बदलून ‘९० ते १०० टक्के इलेक्ट्रिक आणि प्लग-इन हायब्रिड मिळून’ असं केलं. मला उद्दिष्ट बदलल्याचा फार राग येत नाही. बाजार, चार्जिंगची सोय, सरकारी धोरण यातलं सगळंच कंपनीच्या हातात नसतं.

राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. टोयोटाने ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘पर्यावरण आव्हान २०५०’ जाहीर केलं: नव्या गाड्यांचं सरासरी उत्सर्जन २०१० च्या तुलनेत ९० टक्के कमी करायचं. मोठी घोषणा होती आणि हायब्रिडमध्ये त्यांचं काम वादातीत. पण २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाला गाड्यांच्या उत्सर्जनाचे स्वतःचे कडक नियम लावता यावेत की नाही, यावर अमेरिकेत खटला उभा राहिला. त्याआधीच फोर्ड, होंडा, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन यांनी कॅलिफोर्नियाशी तडजोडीचा करार केला होता. जनरल मोटर्स, टोयोटा आणि फियाट क्रायस्लर मात्र नियम सैल करणाऱ्या ट्रम्प सरकारच्या बाजूने उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये, निवडणुकीचा निकाल लागल्यावर, जनरल मोटर्सने पाय मागे घेतला आणि काही महिन्यांत बाकीच्यांनीही. पर्यावरण विभाग रिपोर्ट लिहितो आणि वकील त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावर काहीतरी वेगळंच लिहीत असतात. नाटक म्हणू नका, पण दोन्ही मजल्यांवर जाऊन या.

आमचं छोटं फोर्जिंग युनिट आहे. मोठ्या ग्राहक कंपनीने एक्सेल शीट पाठवली आहे: प्रत्येक पार्टचा कार्बन फूटप्रिंट भरा. कन्सल्टंट भरमसाट पैसे मागतो. काय करू?

शीट बहुधा त्यांच्या स्कोप ३ साठी आहे. तुमचा धूर त्यांच्या खात्यात जातो, म्हणून हा तगादा. पहिल्या वर्षी कन्सल्टंटशिवाय भागेल.

बारा महिन्यांची वीजबिलं काढा, फक्त युनिट बघा. डिझेल, फर्नेस ऑइल, गॅसच्या खरेदीच्या पावत्या काढा. डिझेलला लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, एलपीजीला किलोमागे साधारण ३ किलो धरतात. विजेसाठी तुमच्या देशाच्या सरकारी यंत्रणेने जाहीर केलेला ताजा गुणक (युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड) वापरा, इंटरनेटवर सापडलेला कुठलातरी नको. सगळ्याची बेरीज करून वर्षभरात पाठवलेल्या मालाच्या वजनाने भागा. किलोमागचा आकडा मिळाला. त्याला पार्टच्या वजनाने गुणा.

मग पोलाद. तुमच्या पार्टमध्ये सर्वांत मोठा आकडा त्याचाच असेल. लोहखनिजापासून ब्लास्ट फर्नेसमध्ये बनलेल्या पोलादाला टनामागे सुमारे दोन टन उत्सर्जन होतं, भंगारापासून विजेच्या भट्टीत बनलेल्याला त्याहून बरंच कमी. तुमचं बार कुठल्या मार्गाचं आहे, ते पोलाद पुरवठादाराकडून लेखी घ्या. आणि पार्टचं वजन नका धरू, कापलेल्या बिलेटचं, म्हणजे ठोकण्याआधीच्या तुकड्याचं धरा, कारण फ्लॅशमध्ये, म्हणजे साच्याच्या कडेने बाहेर आलेल्या कचऱ्यात, गेलेलं पोलादही कुणीतरी वितळवलेलं असतं. हा फरक बघून डाय-डिझाइनवाल्याला बोलवा. बिलेटचं वजन थोडं जरी उतरलं तरी पोलाद, तापवण्याची ऊर्जा आणि कार्बन तिन्ही एकदम उतरतात.

जिथे अंदाज केला तिथे शेरा लिहा, ‘अंदाजे’. ग्राहकाचा ऑडिटर अंदाजावर चिडत नाही, लपवलेल्या अंदाजावर चिडतो. शीट पाठवण्याआधी वरचं एकक तपासा. किलोच्या रकान्यात टन भरलेल्या शीट्स मी इतक्या पाहिल्यात की विचारू नका.